दाणा आणि बी

मावशी पिठाची चिमूट जिभेच्या टोकावर ठेवायच्या, एक डोळा मिटायच्या आणि आपण काही विचारायच्या आत हाताने थोपवायच्या. "थांब व माय, चाखू दे." मग निकाल यायचा. "कडू व्हयनं."

तुमच्याही घरी बाजरीचं पीठ चार-आठ दिवसांत कडू होतंच. ते का होतं, हे शोधायला मी नंदुरबारजवळच्या एका शेती संशोधन केंद्रावर आले. पिठातलं तेल फोडणारे एन्झाइम असतात. ते बनवणाऱ्या जनुकांचं बाजरीत मोठं कुटुंब आहे. त्यातलं नेमकं कोण पीठ नासवतं, एवढाच माझा प्रश्न. मावशी तिथे रोजंदारीवर धान्य निवडायला यायच्या. मी त्यांना हे समजावलं तेव्हा त्या हसल्या. "घरमा इतल्या जावा, त्यामा कडू कोन, हाईज ना?" माझ्या कामाचं इतकं नेटकं सार माझ्या मार्गदर्शकांनाही जमलं नव्हतं.

यंत्राला कडूपणाचा आकडा द्यायला दुपार व्हायची, मावशींना अर्धं मिनिट पुरायचं. एकदा मी वाट्यांवरच्या चिठ्ठ्या बदलून त्यांची फजिती करायला गेले. त्यांना वाचता येत नव्हतं आणि मोतीबिंदूमुळे चिठ्ठ्या नीट दिसतही नव्हत्या. फजिती माझीच झाली.

एके दिवशी त्या सहज बोलून गेल्या, "मन्ही सासूनी बाजरी पंधरा दिन कडू व्हत नही." मी ताडकन उठले. असं वाण मिळालं तर कुटुंबातला तो कडू मेंबर हाती लागणार होता. पण ते वाण आता कुणीच पेरत नव्हतं. मावशींचा मुलगा आधी संकरित लावायचा, मग शेत पडीक टाकून सुरतेला कामाला गेला. घरी एका मडक्यात, राखेत घालून ठेवलेलं शेरभरच उरलं होतं.

"मावशी, ते दाणे आणा ना," मी म्हणाले. "असतील तेवढे आणा. खराब होऊ देऊ नका हं."

त्यांनी स्वच्छ, वाळवलेले दाणे आणले. मी त्यातले काही ओल्या कागदावर रुजत घातले. आठ दिवस झाले तरी एकालाही कोंब आला नाही.

"कोंब कसा ई?" मावशी म्हणाल्या. "उकयता पानीमा काढेल सेत. दयाना पहिले आम्ही तसंज करतस. मंग पीठ कडू व्हत नही."

दळण्याआधी उकळत्या पाण्यातून काढलेले ते दाणे केव्हाच मेले होते.

"पण मला ते पेरायचे होते."

"तू त दाना म्हननी, बी नही म्हननी."

त्यांच्या घरात दाणा खायचा असतो आणि बी पेरायचं. एवढं मला कळायला हवं होतं. मावशींनी कागदावरचा एक दाणा बोटाने उलटवून पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "तुले पेरनं व्हतं? माले वाटनं, आते कोन पेरी. म्हनीसन समदंज काढी टाकं."

मेलेल्या दाण्यातली जनुकं वाचता येतात. मी ती वाचली, यादी केली. पण मावशींच्या पिठाची गोडी वाणाची होती की उकळत्या पाण्याची, हे जिवंत दाण्याशिवाय सांगता येत नाही. माझा मलाच राग येत होता आणि तो राग काढायला जागा नव्हती.

मावशी मात्र रोज त्या कागदावर पाणी शिंपडत राहिल्या. उपयोग नाही, हे मी दोनदा सांगितलं. एका सकाळी त्यांनी हाक मारली. "देख व माय, हिरवं दिखास."

ती बुरशी होती. मी हो म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात मुलगा त्यांना सुरतेला घेऊन गेला. तिथून फोन यायचा, "केवढी व्हयनी?" वीतभर झाली, मी सांगायची. मग गुडघ्याएवढी. मग कणसं भरली. विज्ञान शिकलेली बाई मी, खोटं बोलतानाही पेरणीपासूनचे दिवस मोजून बोलायची.

परवा त्यांचा मुलगा केंद्रावर आला. मावशी गेल्याचं त्याने सांगितलं. त्याने खिशातून रुमाल काढला आणि माझ्या टेबलावर पसरला.

"माय सांगी गयी," तो म्हणाला, "ताईकडथून मूठभर बी लई ये. औंदा मी पेरसू."