पंचतारांकित परिवार

वर्ध्याजवळ सावंगीला मेडिकल कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर माझी खानावळ आहे. दोन्ही वेळेला पोरंपोरी जेवायला येतात, काहींचे डबे होस्टेलवर जातात. नवरा बस डेपोत मेकॅनिक आहे आणि फार कमी बोलतो, त्यामुळे घरात बोलायचं खातं माझ्याकडे आलेलं. खानावळीला नाव द्यावं असं कधी सुचलं नाही. पोरं ‘काकूकडे जातो’ म्हणतात, तेवढ्यावर आजवर भागलं.

एका दुपारी नालवाडीचे मोबाईलच्या दुकानवाले भाऊ आले. नागपुरात कुठल्याशा हॉटेलात धंदा वाढवण्याचं शिबिर करून आले होते आणि अशा शिबिराहून परतलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं ते तेज त्यांच्याही चेहऱ्यावर होतं. चहा येईपर्यंत त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

“ताई, हे पाहा. नकाशावर तुमची खानावळ हाय. पण तारा एकही नाई.”

“हे टाकलं कोणं?”

“टाकलं असन कोण्या पोरानं. ते सोडा. आता माणूस घरून निघाच्या आधी तारे पाह्यते. तारे नाई त गिऱ्हाईक नाई.”

“माही पोरं त भूक लागली का येतात, भाऊ.”

हे शिबिरात शिकवलेलं नसावं, कारण ते ऐकून न ऐकल्यासारखं करून पुढे बोलू लागले. वर्ध्यातल्या सगळ्या धंदेवाल्यांचा एक परिवार करायचा. परिवारातल्या प्रत्येकानं दुसऱ्या प्रत्येकाला पाच तारे द्यायचे आणि वर दोन चांगली वाक्यं लिहायची. मी म्हटलं, तुमच्या दुकानात मी पाऊल ठेवलेलं नाही, काय लिहू? ते म्हणाले, “पाऊल कायले पाह्यजे? मनात आपुलकी पाह्यजे. तुमच्यासारख्या उद्योजिका सोबत आल्या त परिवार उभा राह्यते.”

मला उद्योजिका म्हणणारा तो पहिलाच माणूस. मी हो म्हणाले.

परिवार फोनवरच्या ग्रुपात जन्मला आणि भाऊ त्याचे अध्यक्ष झाले. निवडणूक वगैरे झाली नाही. त्यांनी स्वतःच्या फोटोखाली ‘अध्यक्ष’ लिहिलं आणि खाली सगळ्यांनी हात जोडले. रोज सकाळी ते एका सभासदाचं दुकान जाहीर करायचे आणि आम्ही त्याच्यावर तारे उधळायचो. बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याबद्दल मी ‘स्वच्छता आणि वातावरण आवडलं’ असं लिहिलं. कोणालाच त्यात काही खटकलं नाही. समुद्रपूरच्या एका मोटारपंप दुरुस्त करणाऱ्यानं माझ्याबद्दल लिहिलं की काकूंच्या मिसळीला तोड नाही. हा गृहस्थ कधी सावंगीला आला नव्हता, आणि मी कधी मिसळ केली नव्हती. पुढच्या आठवड्यात दोन नवी पोरं मिसळ मागायला आली. मी त्यांना वांग्याची भाजी वाढली. त्यांनी खाल्ली बिचाऱ्यांनी, पण माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू काकूंनी चांगला माल आत लपवून ठेवलाय.

सगळ्यात कहर अंत्यविधीच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या काकाजींच्या बाबतीत झाला. बांबू, मडकी, पांढरं कापड असं सामान ते वर्षानुवर्षं विकत होते. मुलानं फोन घेऊन दिला म्हणून परिवारात आलेले. त्यांची पाळी आली त्या दिवशी ब्युटी पार्लरवाल्या ताईंनी लिहिलं, ‘एकदा गेलं की पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं.’ टाइल्सवाल्यानं भर घातली, ‘सहकुटुंब अवश्य भेट द्या.’ कोणी तरी ‘होम डिलिव्हरी मिळाली तर बरं’ असंही सुचवलं. मी काकाजींना बाजारात गाठून विचारलं, वाईट नाही वाटलं का?

“कायचं वाईट?” ते म्हणाले. “आपल्या धंद्यात गिऱ्हाईक सोता परत येत नाई. कोणी येतो म्हणून राह्यलं त येऊ द्या.”

उन्हाळ्यात अध्यक्षांनी स्नेहमेळावा ठेवला. मंगल कार्यालय, भर दुपार, कूलर आवाज करणारे पण वारा न देणारे. एकमेकांना कधी न पाहिलेली माणसं एकमेकांना ‘तुमची सेवा उत्तम आहे’ असं सांगत होती. सत्कार अध्यक्षांचाच होता आणि तो त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतला. शाल अंगावर घेऊन त्या उकाड्यात ते तासभर बोलले. विश्वास या शब्दावर ते इतक्या वेळा आले की माझा नवरा, जो कुठंच हसत नाही, तोंडावर रुमाल धरून बसला.

जेवण अध्यक्षांच्या साडूकडे होतं. साडूही परिवारात, कॅटरर, पाच तारे. पुऱ्या गार होत्या, त्याचं काही नाही. पण श्रीखंड आंबलेलं होतं, आणि चक्क्याचा आंबटपणा वेगळा आणि हा वेगळा, एवढं मला कळतं. मी बोट लावून ताट सरकवलं. नवऱ्यानं दोनदा मागून घेतलं.

संध्याकाळपर्यंत अर्धा परिवार आडवा झाला. नवरा संडासातून बाहेर आला, भिंतीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, “श्रीखंड.” परत आत गेला. टाइल्सवाल्याला सलाईन लावली. त्याच्या बायकोनं मला फोनवर रडत सांगितलं. मी तिला धीर देऊन ग्रुप उघडला, तर तिथं साडूवर ताऱ्यांचा वर्षाव चालू. ‘अप्रतिम चव.’ ‘श्रीखंड तर लाजवाब.’ ‘आठवण कायम राहील.’ शेवटचं टाइल्सवाल्याचं होतं. सलाईन एका हाताला आणि दुसऱ्या हातानं लिहिलेलं.

मला राग आला. मी रोज परक्यांच्या लेकरांना जेवू घालते. अन्न नासलं तर मी ते कोणाच्या ताटात जाऊ देत नाही; हा माझा चांगुलपणा नाही, एवढीच माझी विद्या आहे. मी साडूला एक तारा दिला आणि लिहिलं, ‘श्रीखंड नासलेलं होतं. जेवणारे आजारी पडले. उन्हाळ्यात दुधाचं करताना बर्फाची सोय ठेवा.’

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या दुकानात मला बोलावणं आलं. साडू स्टुलावर मान खाली घालून बसलेला, अध्यक्ष काउंटरमागे.

“ताई, तुम्ही हे काऊन केलं?”

“नासलं होतं म्हून.”

“ते मलेही मालूम हाय. मीच सकाळपासून इलेक्ट्रालवर हावो. पण घरातली गोष्ट घरात सांगा लागते. नकाशावर काऊन?”

“नकाशावर काय खोटंच लिहाचं असते का?”

अध्यक्षांनी सुस्कारा सोडला. “तुम्हाले परिवार समजलाच नाई ताई. एक तारा निघाला का साऱ्याइचे निघतात. पुसून टाका.”

मी पुसलं नाही. साडूनं मात्र दुकानाबाहेर मला थांबवून हळूच विचारलं की बर्फ किती घालायचा आणि चक्का किती वेळ टांगायचा. मी सांगितलं. त्याच्याशी माझं भांडण नव्हतं.

त्याच दुपारी मला ग्रुपातून काढलं आणि तास-दोन तासांत माझे सगळे पाच तारे एकेकावर आले. ज्यांनी आपुलकीनं दिले त्यांनीच तत्परतेनं काढून घेतले. समुद्रपूरच्या पंपवाल्यानं लिहिलं, ‘मिसळ अत्यंत बेकार, तर्रीला चव नाही.’ ते वाचून मी पदरात तोंड घालून हसले, आणि मग भाजी चिरताना माझे डोळे भरून आले. कांदा नव्हते चिरत. नवी बॅच यायची होती, त्यांचे आईबाप गावाकडून फोनवर नकाशाच पाहून खानावळ ठरवणार, हे मलाही आता पटलेलं होतं.

लातूरकडची एक पोरगी माझ्याकडे तीन वर्षांपासून जेवते. तिनं फोन पाहिला आणि पेटलीच. “काकू, आम्ही सगळे मिळून पाच-पाच देतो. होस्टेलवरच्या प्रत्येकाला लिहायला लावते.”

“जे जेवले नाई त्याइले नको सांगू. जेवले ते काय लिहाचं ते लिहू दे.”

पोरांनी लिहिलं. ‘पोळ्या गरम मिळतात. भाजीत तेल जास्त.’ ‘काकू ओरडतात, पण आजारी असलं की खिचडी करून देतात.’ एकानं तर लिहिलं, ‘वांगं आठवड्यातून किती वेळा खायचं याला काही मर्यादा असावी.’ मला थोडं लागलं. पण नवी बॅच आली ती हेच वाचून आली. एका मुलाचे वडील म्हणाले की सगळीकडे लाजवाब-लाजवाब वाचून वैताग आला होता, तेल जास्त असं वाचल्यावर वाटलं इथं खरंच कोणी तरी जेवलंय.

परिवार पुढे फार टिकला नाही. एके सकाळी नकाशा चालवणाऱ्या कंपनीनं वर्ध्यातले ढीगभर तारे एका झटक्यात उडवले. एकाच भाषेत त्याच त्या माणसांनी लिहिलेलं तिथल्या मशीनला ओळखू आलं म्हणे. मशीननं घाई अशी केली की माझ्या पोरांचं खरंखुरं लिहिलेलंही त्यातच गेलं. अध्यक्षांनी हा स्थानिक उद्योगांवरचा अन्याय ठरवला आणि गळ्यात उपरणी घालून मंडळी कलेक्टर कचेरीत निवेदन द्यायला गेली. काकाजीही होते. त्यांनी मला नंतर सांगितलं की आवक-जावकच्या टेबलावरच्या बाईंनी कागद दोनदा वाचला आणि शांतपणे विचारलं, “हे तारे कोणत्या विभागाकडे येतात?” कोणाला सांगता आलं नाही. तरी शिक्का मिळाला, फोटो निघाला, आणि पायऱ्यांवर चहा पिऊन सगळे आपापल्या दुकानी गेले. अध्यक्ष होण्यासारखं त्यानंतर काही उरलं नाही.

मागच्या महिन्यात ते माझ्याकडे आले. बायको माहेरी गेली होती, दोन दिवस बाहेरचं खाऊन पोट बिघडलं होतं. दारात जरा घुटमळले. मी पाटावरून उठले नाही, फक्त म्हटलं, “बसा भाऊ.” इतक्या दिवसांच्या ओळखीत ते माझ्या हातचं पहिल्यांदाच जेवत होते. वरण-भात, पोळी, दोडक्याची भाजी. खाली मान घालून जेवले, भात परत मागितला. पोरांच्या घोळक्यात त्यांना कोणी ओळखलं नाही.

मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “वरणात मीठ जराक कमी हाय, ताई.”

मी चाखून पाहिलं. कमीच होतं. मिठाची वाटी त्यांच्यापुढे नेऊन ठेवली.