आधी वळू

नोकरीत माझा एकच दंडक होता. झरी जामणीपासून ढाणकीपर्यंत कुठूनही गाई गाभण राहत नसल्याची तक्रार आली, की गाईला हात लावण्यापूर्वी मी वळू तपासत असे. शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली हलत नसतील, तर गाईत दोष शोधणे व्यर्थ. गुरांचा डॉक्टर म्हणून जिल्ह्यात मला जो थोडा मान मिळाला, तो या शिस्तीमुळे.

मुलाच्या लग्नानंतर बरीच वर्षे मूल झाले नाही. आम्ही सुनेला तपासले. तिची सोनोग्राफी, तिची दुर्बिणीची तपासणी, तिचीच औषधे. कुणाची ओटी भरायची वेळ आली, की माझी धाकटी बहीण तिला काहीतरी आणायला आत धाडी. मी बाहेर बसून ऐकत असे.

या उन्हाळ्यात यवतमाळच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत मुलाची तपासणी सांगितली. शुक्राणू भरपूर, हालचाल जवळपास नाही. पुढे जनुकीय तपासणीत कारण कळले. शुक्राणूच्या शेपटीला ऊर्जा पुरवणारे विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होत होते. पण शुक्राणू घडत असताना ज्या प्रथिनाने त्या विकराला धरून शेपटीत बसवायचे, तेच सदोष होते.

"विकर आहे, पण जागेवर नाही," त्या म्हणाल्या. "त्याला धरणारं कुणी नसलं, की ते पेशीत नुसतंच विखुरतं."

मला अधिक समजावण्याची गरज नव्हती. मान मात्र वर करवेना.

परतताना सूनच बोलली, "मामाजी, कोणाले सांगू नका. माह्यावरच राहू द्या. लोकाइले सवय झाली आता."

पुढच्याच महिन्यात बहिणीच्या घरी तिच्या मुलीचे डोहाळजेवण होते. निघण्यापूर्वी मी मुलाला विचारले, तिथे खरे सांगू का. तो म्हणाला, "सांगा."

ओटीचे ताट आले तशी बहीण सुनेला म्हणाली, "जाय वो, आतून पाणी आन."

मी बैठकीतून उठून दारात गेलो. "ती इथेच बसेल. दोष माझ्या मुलात आहे."

"काहीतरीच काय, दादा? चांगला धट्टाकट्टा तर हाये पोरगा!"

"वळूही धट्टाकट्टाच असतो."

कुणी हसले नाही. सुनेने ओटी भरली.

घरी आल्यावर तिने मला पाण्याचा पेला दिला.

"मामाजी," ती म्हणाली, "गाईची कीव तुम्हाले लवकर येत होती."

मी पेला घेतला.