कंपनीची बॅटरी, बाजारची बॅटरी

आमच्या घरात आधी डिग्री आली आणि तिच्यामागून दोन वर्षांनी मोटरसायकल. दोन्ही माझ्याच. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला, हे मी तेव्हा न विचारता सांगत असे. आजही सांगतो. त्यात लाजायचं काय?

बी.एस्सी., केमिस्ट्री. काचेच्या फ्रेमीत बसवून ती डिग्री बाबांनी पुढच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली लावली. खिळा त्यांनी स्वतः ठोकला, जरा वाकडा. फिजिक्सला मला सहा मार्क ग्रेस मिळाले होते, ते काही त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं आणि मीही बाहेर बोललो नव्हतो. पण निकालाच्या दिवशी मी बाबांना हळूच सांगत असताना आईनं ऐकलं.

"ग्रेस म्हंजी काय रं?"

"थोडे कमी पडले तर कॉलेज आपणहून देतं."

"म्हंजी उसने?"

"नाही गं. परत करायचे नसतात."

"मग भली माणसं हायेत," आई म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एकदा कानावर पडलेलं ती विसरत नसे. हे पुढं मला महागात पडलं.

आम्ही राहायचो मोरिवलीत. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मी लॅबमध्ये लागलो, बाबा तिथूनच दोन गेट पलीकडच्या कारखान्यात बॉयलरवर होते. शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराला नंबर लागून माझी मोटरसायकल हातात आली. किकवर चालू होणारी, काळी, टाकीवर सोनेरी पट्टा. गल्लीतली पहिली. तिच्या पोटात बाजूच्या झाकणाआड एक छोटी बॅटरी होती. तीन बुचांची, पांढऱ्या डब्याची, डब्यावर पाण्याच्या वरच्या-खालच्या पातळीच्या दोन रेघा. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा एवढा तिचा संसार.

त्या बॅटरीकडे मी कधी बघितलंही नाही. बघायचे बाबा. दर रविवारी सकाळी बुचं काढून, डोळे बारीक करून ते आत बघायचे आणि एका जुन्या काचेच्या बाटलीतून थेंब थेंब पाणी टाकायचे. बाटलीत बॉयलरच्या वाफेचं थंड होऊन साठलेलं पाणी असायचं. कारखान्यातून ते आठवड्याला एक बाटली भरून आणायचे.

"बाबा, ते बॉयलरचं पाणी आहे. बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर लागतं," मी एकदा पायावर पाय टाकून सांगितलं.

"वाफंचं पाणी हाय. आणि तुझं ते काय वेगळं करत्यात?"

वाफ थंड केली की तेच डिस्टिल्ड वॉटर, हे मला परीक्षेत आलं होतं. पण बॉयलरवरच्या माणसानं ते मला सांगावं हे काही बरं वाटलं नाही.

ती कंपनीची बॅटरी चार वर्षं तीन महिने चालली. आकडा आईनं ठेवला होता. गाडी आली त्याच आठवड्यात तिच्या शेळीला पहिलं करडू झालं होतं, त्यामुळे गाडीतल्या सगळ्या गोष्टींचं वय तिला तोंडपाठ होतं.

बॅटरी मेली तेव्हा मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गेलो. तिथं कापडाच्या आणि जीन्स शिवणाऱ्यांच्या दुकानांमध्ये दाबून बसवलेलं एक बॅटरीचं दुकान होतं. मालक सिंधी, जाडजूड, गळ्यात चष्मा, हाताच्या बोटांना ॲसिडचे पिवळे डाग. त्यांनी नवी बॅटरी काढली, ॲसिड भरलं आणि म्हणाले, "कल शाम को ले जाना. पहला चार्ज धीरे धीरे देना पड़ता है, साईं. पूरी रात."

"शेठ, मला ड्युटी आहे. आत्ताच बसवा."

"बच्चा पैदा हुआ नहीं और आप उसको स्कूल भेज रहे हो."

"मी बी.एस्सी. केमिस्ट्री आहे," मी म्हणालो. का म्हणालो ते आता आठवत नाही. तेव्हा मी कुठंही हे म्हणायचो; रेशनच्या रांगेतसुद्धा.

शेठनी हात जोडले आणि बॅटरी बसवून दिली. एक वर्षाची गॅरंटी लिहून दिली. "पानी?" त्यांनी विचारलं. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन पुढं केला.

"लॅबमध्ये ढिगानं आहे," मी म्हणालो आणि कॅन परत सरकवला.

अकराव्या महिन्यात मी बदलापूरला थोरल्या बहिणीकडे निघालो होतो. रस्त्यात म्हशींचा कळप. हॉर्नचं बटण दाबलं तर सर्दी झालेल्या कोकरासारखा आवाज आला. दुसऱ्यांदा दाबलं तर तोही नाही. गाडी चालू होती, कारण किकच्या गाडीला बॅटरीची तितकी पर्वा नसते. पण म्हशींना हे कोण सांगणार? मग मीच ओरडायला लागलो. "ए बाजू! बाजू! हो ऽ!" पुढच्या म्हशीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि शेण टाकलं.

बांधावर बसलेला म्हातारा हसत म्हणाला, "गारी तुजी, न् बोंब तू मारतस?"

बहिणीच्या दारापर्यंत मी तसाच बोंबलत गेलो. उजवीकडे वळताना हात, डावीकडे वळताना हात, आणि मध्ये घसा. बहीण दारात येऊन म्हणाली, "आधी आवाज आला तुझा, मग गाडी दिसली."

दुसऱ्या दिवशी संतापून कॅम्प तीन गाठलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मला ती हवीच होती.

"शेठ, कंपनीची बॅटरी चार वर्षं तीन महिने चालली. तुमची अकरा महिने! डुप्लिकेट माल विकता?"

शेठनी शांतपणे चष्मा लावला, बुचं काढली, आत बघितलं आणि मला बोलावलं. प्लेटांवर पांढुरका थर, तळाला गाळ. "पानी गलत पड़ा है."

"अशक्य! आमच्या घरात पाणी शुद्धच पडतं. मी बी.एस्सी..."

"केमिस्ट्री," शेठनी पूर्ण केलं. "मालूम है."

गिऱ्हाइकं हसली. माझं डोकं फिरलं. "पाणी चुकीचं निघालं तर घरातली डिग्री भिंतीवरून उतरवीन! आणि बाजारची बॅटरी कंपनीच्या बॅटरीइतकी, चार वर्षं तीन महिने, चालेपर्यंत ती डिग्री परत लावणार नाही!"

"डिग्री मत उतारो साईं," शेठ म्हणाले, "पहले घर जाके बोतल उतारो. जिससे पानी डालते हो, वो बोतल. पानी साफ निकला तो नई बैटरी मुफ्त में, ऊपर से मिठाई."

घरी गेलो. बाबांची ती काचेची बाटली खिडकीच्या फळीवर होती, नेहमीसारखी भरलेली. त्या बाटलीबद्दल मी अकरा महिने काही विचारलं नव्हतं, कारण ती कधी रिकामीच दिसली नव्हती. बाबा रिटायर झाले होते, पण बॉयलरवरची पोरं देत असतील पाणी, असं मी धरून चाललो होतो. मी मोठ्या दिमाखात ती बाटली लॅबमध्ये नेली. परीक्षानळीत थोडं पाणी घेतलं, सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. पाण्यात क्षार असले की ते दुधासारखं होतं. माझी नळी काचेसारखी स्वच्छ राहील आणि ती मी शेठच्या टेबलावर ठेवीन, असं चित्र मी डोळ्यांसमोर रंगवत होतो.

नळीत दूध झालं. चहा करता आला असता.

संध्याकाळी घरी आलो. आई वाल सोलत बसली होती. "आई, ह्या बाटलीत पाणी कोण भरतं?"

"मी. तुझ्या बानं डोळ्याचं आपरेशन केलं तवापासनं. डाक्टरनं वाकायचं न्हाई म्हणून सांगितलंय न्हवं?"

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नवी बॅटरी आल्यावर दोन आठवड्यांनी झालं होतं. ते खाटेवरून म्हणाले, "मला वाटलं, लॅबातनं आणतोस तू."

"मला वाटलं, बॉयलरची पोरं देतात," मी म्हणालो. "आई, कुठलं पाणी भरायचीस?"

आई दुखावली. "म्या काय नळाचं भरीन व्हय? चांगलं उकळून, फडक्यानं गाळून, गार करून. घरातलं सगळ्यात शुद्ध पानी."

"उकळलेलं?"

"आरं, तूच तर सांगितलंस! काविळीची साथ आली तवा सगळ्या गल्लीला उभं केलंस आन भाषान केलंस. 'उकळलं की पाणी शुद्ध. शुद्ध म्हणजे शुद्ध, त्यात काही उरत नाही.' टाळ्या बी वाजल्या."

वाजल्या होत्या. मी स्टुलावर उभा राहून बोललो होतो. जंतू मरतात, क्षार मरत नाहीत, उलट उकळून आटलेल्या पाण्यात ते जास्तच होतात, हे वाक्य मी भाषणात घातलं नव्हतं; टाळ्या आधीच पडल्या होत्या.

"आणि किती भरायचीस?" मी बारीक आवाजात विचारलं.

"काठोकाठ. पाव्हण्याला कुनी अर्धा पेला देतं व्हय?"

म्हणजे वरच्या रेघेच्याही वर. गाडी हलली की आतलं ॲसिड बाहेर, आणि बुचं लावताना आईच्या पदरावर. मग मला आईच्या दोन लुगड्यांना पडलेली भोकं आठवली. त्या भोकांपायी आम्ही घरात उंदरांचे दोन पिंजरे लावले होते आणि एकही उंदीर सापडला नव्हता.

बाबा पोट धरून हसत होते. ऑपरेशननंतर हसायलाही मनाई आहे की काय अशी मला शंका आली. आई मात्र हसत नव्हती. सगळं समजावून घेतल्यावर तिनं एकच विचारलं, "दुकानात काय बोललास तू?"

मी सांगितलं. सांगायला नको होतं. गप्प राहिलो असतो तर तिला कळलंही नसतं. पण ज्या बाईनं वर्षभर माझ्या गाडीसाठी पाणी उकळलं तिच्याशी खोटं बोलायला जीभ वळेना.

"मग उतरव," आई म्हणाली.

"काय?"

"डिग्री. चार मान्सात बोललास न्हवं? शिकल्याली मान्सं बोलल्यालं माघारी घ्यायला लागली तर आमी आडाण्यांनी काय करायचं?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं.

डिग्री उतरली, लुगड्याच्या फडक्यात गुंडाळली गेली, पेटीत ठेवली गेली. मला वाटलं नव्हतं इतका त्रास झाला. येणारा जाणारा आधी त्या रिकाम्या जागेकडे पाहायचा, मग माझ्याकडे.

रविवारी दुकानात जाऊन शेठना सगळं सांगितलं. उकळलेलं पाणी, काठोकाठ, भाषण आणि टाळ्यासुद्धा. ते इतके हसले की शेजारचा जीन्सवाला बघायला आला. नंतर डोळे पुसून म्हणाले, "गॅरंटी बैटरी की है, माताजी के पानी की नहीं. नई लेनी पड़ेगी."

"द्या. मात्र कंपनीवाली द्या."

"कंपनीवाली, बाजारवाली, दोनों एक ही खानदान की. फर्क इतना कि वो गाड़ी के साथ शादी करके आती है, सब लाड़ करते हैं. ये बाद में आती है, सौतन जैसी. कोई देखता नहीं." मग त्यांनी बोट उगारलं. "कल शाम को मिलेगी."

"उद्या संध्याकाळी येतो," मी मुकाट्यानं म्हणालो. डिस्टिल्ड वॉटरचा कॅनही घेतला.

त्या पाण्यानं मी बाबांची बाटली भरली. ती पुन्हा कुणाच्या हाती लागून घोटाळा होऊ नये म्हणून आईनं तिच्या गळ्याला सुतळी बांधली आणि डिग्रीच्या रिकाम्या खिळ्याला अडकवली. बुद्धाच्या तसबिरीखाली आता बॅटरीचं पाणी. पाहुणे विचारायचे, "हे कसलं तीर्थ?" आई ताठ मानेनं सांगायची, "गाडीचं."

दर रविवारी मी स्वतः गुडघ्यावर बसून दोन रेघांच्या मधोमध पाणी ठेवायचो. बाबा खाटेवरून हुकूम सोडायचे, "बास! बास म्हणलं ना!" आई शेळीच्या वंशावळीवरून महिने मोजायची. एक वर्ष झालं, दोन झाली. तिसऱ्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलीकडचे आले तेव्हा तिच्या वडिलांनी भिंतीकडे पाहत विचारलं, "मुलगा ग्रॅज्युएट म्हणालात ना?" आईनं पेटी उघडून गुंडाळलेली डिग्री दाखवली आणि परत गुंडाळून ठेवली. "अजून एक वरीस हाय तिचं," एवढंच म्हणाली. त्यांनी काय समजून घेतलं कोण जाणे; पण लग्न झालं.

आणि मग एका सकाळी हॉर्न पुन्हा कोकरासारखा बोलला. मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी घंटीवाल्या सायकलनं मला मागं टाकलं, तेव्हा घरी येऊन मान खाली घातली.

"चार वर्षं एक महिना," आई म्हणाली. तिला बोटंही मोजावी लागली नाहीत.

"दोन महिने कमी पडले."

आई माझ्याकडे वळली. "तुला कालेजनं सा मार्क दिले व्हते न्हवं? आपनहून?"

माझी बायको चहाचा कप हातात धरून थांबली. तिला हे सहा मार्क नवे होते.

"दिले होते," मी म्हणालो.

"परत मागितले का?"

"नाही."

"मग ह्या बॅटरीला माजे दोन म्हयने ग्रेस. लाव तुजी डिग्री."

मी लगबगीनं उठलो, फडकं सोडलं, काच पुसली आणि खिळ्यावरची बाटली काढायला हात वर केला.

"ती न्हाई हलायची," आई म्हणाली. "नवी बॅटरी यायची हाय उद्या. डिग्रीला दुसरा खिळा ठोका."

बाबा हातोडी शोधायला उठले.