पहिल्या डब्याची विभूती

लातूरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना सुरू झाला, तेव्हा मी तिथं काय बनवतो हे नातेवाइकांना सांगताना माझी पंचाईत व्हायची. भाजलेल्या माणसाच्या चांगल्या कातडीचा लहानसा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी वाढवायच्या आणि त्यांचे पातळ पापुद्रे करून त्याच माणसाला लावायला पाठवायचे. "म्हंजे कातडी विकायलास म्हण की," एक काका म्हणाले. मी चिडलो. असले उपचार किती दिवस परदेशातून आणायचे, आपल्या देशात, आपल्या मराठवाड्यात का होऊ नयेत, असं लांबलचक भाषण मी त्यांना ठोकलं.

पहिला डबा नांदेडच्या दवाखान्यात जायचा होता. हदगावकडची एक बाई स्टोव्हच्या भडक्यात भाजली होती. तीन आठवडे तिच्या पेशी मी डोळ्यांत तेल घालून सांभाळल्या.

डबा निघायच्या सकाळी आई कारखान्याच्या फाटकाशी आली. आमचं घराणं दुकानदारांचं. नव्या मालाच्या पहिल्या नगाला विभूती लावल्याशिवाय वडिलांनी कधी विक्री केली नाही. "उघड की जरा," आई म्हणाली, "बंद डब्याला इभूत लावून काय व्हतंय?" डबा वाटेत उघडायचा नाही, हा नियम मीच लिहिला होता. तरी मी झाकण उचललं. आईनं बोट टेकवायला हात आत घातला आणि चिमटीतली राख पापुद्र्यांच्या पाकिटांवर सांडली.

पुसून पाठवता आलं असतं. कुणी पाहिलं नव्हतं. पण त्या उघड्या जखमांवर काय जाईल, याची खात्री मला देता येईना. मी कारखान्याच्या साहेबांना सांगितलं. सगळे पापुद्रे नष्ट केले आणि गोठवून ठेवलेल्या पेशींपासून पुन्हा सुरुवात केली. आईला मात्र डबा पोचला असंच सांगितलं.

नवी वाढ सुरू केल्यापासून बाराव्या दिवशी ती बाई गेली. पापुद्रे वेळेवर मिळाले असते तरी वाचली असती असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला त्याचा काडीचाही दिलासा वाटला नाही, अजून वाटत नाही.

आठवड्यानं तिचा नवरा कागदांवर सह्या करायला कारखान्यात आला. सह्या झाल्यावर तो उठेचना.

"साहेब," शेवटी तो म्हणाला, "तिचं काई ऱ्हायलंय का तुमच्यापाशी?"

पलीकडच्या खोलीत तिच्या पेशी जिवंत होत्या, चांगल्या वाढत होत्या. त्या जाळून टाकायच्या परवानगीवरच त्यानं आत्ता न वाचता सही केली होती.

"न्हाई," मी म्हणालो.