उकंडरावांना ‘तू’ म्हणणारं माणूस

उकंडरावांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून चौथा जन्मला तेव्हा आईनं त्याला उकिरड्यावर लोळवून आणलं आणि नावही तसंच ठेवलं; मरणालाही असलं पोर नकोसं वाटावं म्हणून. आईचा डाव जरा जास्तच साधला. इंझोरीच्या या माळ्यानं पटकी पाहिली, प्लेग पाहिला. मानमोडीच्या साथीत तर, साठी उलटलेली असताना, मेले समजून लोकांनी तिरडी बांधायला घेतली, आणि त्यांनी डोळे उघडून पाणी मागितलं.

तेव्हापासून गावानं त्यांना अमरच ठरवलं. बाया तान्ही लेकरं त्यांच्या पायावर घालायच्या. “तुमचं आयुष्य लाभू द्या याले, आबाजी.” उकंडराव मिशीत हसायचे.

मग बायको गेली, थोरला मुलगा गेला. एका पोळ्याच्या सुमारास बालमित्र दौलतरावही गेला. स्मशानातून परतताना कुणीतरी म्हणालं, “आबाजी, तुमी जपून चाला.” ते वाटेतच थांबले. गावात आता सगळे ‘तुमी’ म्हणणारेच उरले होते. त्यानंतर कुणी लेकरू आणलं की ते पाय आखडून घ्यायचे. “माह्यं आयुष्य नोको मांगू, बाई. एकट्याले लय लांब पडते.”

दोन वर्षांनी, हिवाळ्यात, ते मळ्यात वांगी तोडत होते. बांधावरून कडक आवाज आला.

“काहून रे उकंड्या, जित्ता हाय तू अजून?”

काठी टेकत, कमरेत वाकलेली एक म्हातारी उभी होती. त्यांनी निरखून पाहिलं. शेजारची प्रयाग! केनवडला दिलेली, चाळीस वर्षांत माहेरी फिरकली नव्हती. आता नवरा गेल्यावर भाच्याकडे राहायला आली होती.

“हाय ना! तू कायले आली, मराले?”

“वांगे न्यायले. चांगले पाहून दे. लहानपणी माह्ये बोरं चोरले होते तुनं.”

“चोरले नाई, तूच देल्ले!”

ते भांडण ऊन डोक्यावर येईतो चाललं. त्या दिवशी उकंडरावांनी एक भाकर जास्त खाल्ली. पुढं ती रोजच येऊ लागली. लेकरांनाही ते पुन्हा मांडीवर घेऊ लागले. “लय जग,” म्हणायचे, “आन तुह्याशी भांडणारं एखादं माणूसबी लय जगो.”

असे चार हिवाळे गेले. मग एका दुपारी जेवून ते आंब्याखाली आडवे झाले, ते उठलेच नाहीत. प्रयागबाई आल्या, त्यांच्या कपाळावरून हात फिरवला.

“पोटभर जगला,” म्हणाल्या, आणि आंघोळीचं पाणी तापवायला उकंडरावांच्या सुनेच्या मदतीला गेल्या.