डुगडुगतं सिंहासन

राजवाडा दाखवणाऱ्या त्या गाईडला सगळे 'भोंगा' म्हणत. तो दरबारात बोलू लागला की तिकीटखिडकीवरच्या बाईंना फुकटात इतिहास ऐकू यायचा. इतिहास तरी काय, पाच पिढ्यांच्या राजांनी शिकारी केल्या, अंग सुटू दिलं आणि शेवटी तसबिरींत जाऊन बसले. एवढ्याशा भांडवलावर लोकांना तासभर खिळवायचं, तर जिभेला हाड असून भागत नाही.

एकदा एका पाहुण्याने विचारलं, "सिंहासनाचा एक पाय आखूड कसा?"

रंगकामाच्या वेळी ते हमालांच्या हातून जिन्यावर निसटलं होतं, भोंग्याच्या डोळ्यांदेखत. पण त्याने उचलली जीभ, लावली टाळ्याला. "मुद्दाम करवून घेतलाय. आसन डुगडुगलं की राजाला डुलकी लागत नसे. रयतेचं गाऱ्हाणं जागेपणी ऐकायचं, ही या घराण्याची रीत."

लोक गहिवरले. भोंग्याने घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग कचेऱ्यांतल्या खुर्च्यांचेही पाय कापायला सांगा."

राजवाड्याच्या मागच्या भागात युवराज राहत. वय पन्नाशीचं, धंदा दरबार लग्नांना भाड्याने देण्याचा. गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि लवकरच ते टीव्हीवर सांगू लागले, "आजोबा मला मांडीवर घेऊन याच सिंहासनावर डुलायचे." मग संगमरवरी फलक लागला. नव्या नगराध्यक्षाने सिंहासनावर बसून शपथ घ्यायची, अशी जुनी परंपराही सुरू झाली.

यंदाचे नगराध्यक्ष चांगलेच वजनदार निघाले. 'प्रामाणिकपणे' या शब्दावर सिंहासन कलंडलं आणि साहेब मनगट मोडून घेऊन उठले.

भोंग्याला राहवलं नाही. तो युवराजांकडे गेला. "साहेब, सुतार बोलवा. ती रीतबीत काही नाही. मीच सोडलेली पुडी आहे."

युवराजांनी चहाचा कप खाली ठेवला. "आमच्या पूर्वजांबद्दल तोंड सांभाळून बोलायचं."

दुसऱ्या दिवसापासून भोंगा गाड्यांच्या तळावर, हातात शिट्टी. इतिहासाला त्याच्यापासून धोका आहे, असं ठरलं होतं.

पुढे त्याचा मेहुणा बायकापोरांसह राजवाडा पाहायला आला. बाहेर आला तो भारावूनच.

"भाऊजी, एवढी वर्षं इथे काढलीत, पण सिंहासनाचं कधी बोलला नाहीत."

"काय सांगितलं आत?"

"नवी मुलगी आहे, छान सांगते. म्हणे खोटं बोलणाऱ्याला ते अंगावर ठरू देत नाही, तिथल्या तिथे खाली पाडतं. म्हणून युवराज स्वतः कधी बसत नाहीत. विनयाने."

ही भर भोंग्याची नव्हती. त्याला थोडी असूया वाटली, पण थाप आपल्यापेक्षा सरस आहे हे त्याने मनोमन मान्य केलं. मग शिट्टी तोंडात धरून तो मेहुण्याची गाडी मागे घ्यायला उभा राहिला.