म्हात्रेकाकांचं आवक-जावक रजिस्टर

देवघरातलं निर्माल्य रोजच्या रोज उचलता येतं. ऑफिसातल्या गोष्टींचं तसं नाही. त्या साठतच जातात! आमचं ऑफिस चौलच्या घरात खालच्या मजल्यावर. हे सरकारी बांधकामाचे ठेकेदार. चहा माझ्या स्वयंपाकघरातून खाली जातो, आणि रिकाम्या कपांबरोबर किस्से वर येतात. त्यातले निम्मे म्हात्रेकाकांचे.

काका एका सरकारी कार्यालयात आयुष्यभर आवक-जावक क्लार्क होते. रिटायर झाले तेव्हा यांनी चहा पिता पिता म्हटलं, "काका, उद्यापासून आमच्याकडे या." काका जागचे हलले नाहीत. "शेट, पत्र द्या." यांना हसू आवरेना. तरी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी कोरं रजिस्टर उघडलं आणि पहिली नोंद केली. आवक क्रमांक एक : माझी नेमणूक!

*

त्या वर्षी यांच्याकडे एका कोळीवाड्यातल्या जेट्टीचं काम होतं. एका सकाळी खात्याचे इंजिनियर साहेब साइटवर आले, टपरीवर चहा घेतला आणि जाता जाता म्हणाले, "पुढचं काम थांबवा, नवीन ड्रॉइंग येतंय." यांनी थांबवलं. साहेब म्हणजे घरचाच माणूस, असं यांचं मत!

काकांनी त्याच संध्याकाळी पत्र धाडलं : 'आज सकाळी आपण दिलेल्या तोंडी सूचनेनुसार काम थांबवले आहे.'

साहेब चिडले. फोनवर म्हणाले, "म्हात्रे, मी चहा पिताना बोललेलंही तुम्ही लिहून काढता?"

"न्हाय साहेब. भज्यांबद्दल बोललात ते सोडून दिलंय."

*

ड्रॉइंग काही येईना. मुदत मात्र सरत होती. काम वेळेत झालं नाही आणि मुदतवाढही मिळाली नाही, तर यांचं नाव काळ्या यादीत. पुन्हा सरकारी काम नाही. मी घाबरून काकांना गाठलं.

काकांनी मला करारातलं कलम वाचून दाखवलं. अडचण आली की अठ्ठावीस दिवसांत नोटीस द्यायची. लेखी, ठरलेल्या साहेबांच्या नावे, आणि त्यांच्या ऑफिसात आवक नंबरचा शिक्का घेऊन. काम संपल्यावर मुदतवाढीची पूर्ण मागणी, दिवस मोजून. शेवटी 'वरील मजकूर खरा आहे' असं लिहून शेटनी स्वतः सही करायची. यातलं एक चुकलं तरी मागणी बाद!

मला एकदम धीर आला. म्हटलं, "काका, हे तर व्रतच झालं की! संकल्प, नेम आणि शेवटी उद्यापन."

"व्हय वैनी. फक्त हितला देव फाइलीत बसतो."

*

नोटीस तयार झाली. इंजिनियर साहेब बोटीने मुंबईला निघालेत हे कळल्यावर हे थेट मांडव्याच्या जेट्टीवर गेले आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी ते घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. हे विजयी मुद्रेने घरी!

काकांनी रजिस्टर पुढे ओढलं. "शेट, आवक नंबर काय पडला?"

"अहो, समोर खिशात ठेवलं त्यांनी!"

"खिशाला नंबर नसतो शेट. आणि शर्ट धुवायला जातो."

*

मग दुसरी प्रत सही करून काकांकडे दिली. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे नेमकी अमावास्या. हे मला कळलं ते आदल्या दिवशी, कॅलेंडर बघताना. मी खाली जाऊन म्हटलं, "इतकं मोठं काम अमावास्येला नको. परवा प्रतिपदेला देऊ." हे माझा शब्द मोडत नाहीत. "बरं," म्हणाले. एका दिवसाने सगळं बुडेल, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही!

काकांनी शांतपणे शिक्का मारलेली प्रत टेबलावर ठेवली. "वैनी, तुम्ही असं म्हननार ते मला म्हयन्याभरापूर्वीच कळलंवतं. म्हनून कालच, त्रयोदशीला, देऊन आलो."

त्या दिवशी काकांच्या बशीत शिरा मी दोनदा वाढला.

*

ड्रॉइंग आलं, जेट्टी उभी राहिली. ठरल्यापेक्षा चौसष्ट दिवस उशिरा. यांनी मागणीत चौसष्ट लिहिलं. काकांनी पेन्सिलीने खोडून एकसष्ट केलं.

झालं होतं असं, की ड्रॉइंग येऊन काम सुरू झाल्यावर मधेच माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन आलं. कोळीवाड्यातल्या सगळ्या कामगारांना तीन दिवस घरी जेवायला बोलावलं. यांनी टेम्पो, ताडपत्र्या, माणसं सगळं इकडे वळवलं. तेवढे दिवस जेट्टीवर खिळासुद्धा ठोकला गेला नाही.

हे काकुळतीला आले. "काका, तीन दिवस कमी पडले तरी काम उशिराच धरतील. काळी यादी!"

"मग 'वरील मजकूर खरा आहे' ही ओळ मी टाइप करनार न्हाय, शेट."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी देवघराकडे बघितलं. सोळा सोमवार मी उपाशी राहिले ते घरात बरकत यावी म्हणून. पण त्या बरकतीखाली खोटी सही? म्हटलं, "एकसष्टच लिहा. महादेव बघून घेईल."

*

मुदतवाढीच्या सुनावणीला मीही गेले. बाहेरच्या बाकावर बसून जप करत होते. दार अर्धं उघडं होतं.

खात्याच्या मोठ्या साहेबांनी एक एक कागद तपासला. नोटीस वेळेत, नाव बरोबर, शिक्का, सही. मग चष्मा काढून म्हणाले, "लोक दिवस वाढवून मागतात. तुम्ही तीन सोडून दिलेत. का?"

यांच्याऐवजी काका उठून उभे राहिले. "साहेब, त्या तीन दिवसांत साइट आमच्यामुळं बंद होती. वैनींचं उद्यापन होतं. सगळे जेवायला गेलेलो."

"सगळे म्हणजे?"

काकांनी समोर बसलेल्या इंजिनियर साहेबांकडे बघितलंही नाही. "विचारलंत म्हनून सांगतो, साहेब. सगळे म्हंजे सगळे."

मोठे साहेब हळूच इंजिनियर साहेबांकडे वळले. "तुम्ही गेला होतात?"

"हो सर," इंजिनियर साहेब म्हणाले. "तिन्ही दिवस."

"काम बंद असल्याबद्दल एक ओळ तरी लिहिलीत?"

"नाही सर."

"तोंडी हरकत?"

इंजिनियर साहेबांनी मान खाली घातली. "सर... तोंडात वालाचं बिरडं होतं."

मोठ्या साहेबांनी चष्मा परत लावला आणि टायपिस्टला सांगितलं, "लिहा. खात्याचे अधिकारी जातीने हजर असताना काम बंद होते व त्यांनी हरकत घेतली नाही. सबब, चौसष्ट दिवस मंजूर!"